हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर छातीत होणारा जंतुसंसर्ग

हृदयावरील शस्त्रक्रिया म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियागृहाचे बंद दार आणि त्या दारापाशी जीव मुठीत धरून बसलेली घरची माणसे उभी राहतात. चार-पाच तासांनी दार उघडते, सर्व ठीक झाल्याचे कानी पडते आणि आता संकट टळले असे सर्वांना वाटू लागते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु काही थोड्या रुग्णांच्या वाट्याला दुसरी एक कसोटी येते, आणि पुष्कळदा ती रुग्णालयात न येता घरी येते. जखम भरत आली असे वाटत असतानाच येते. छातीच्या जखमेत किंवा फुप्फुसात जंतूंनी मूळ धरणे, हीच ती कसोटी होय. तिचे स्वरूप काय, तिच्यावर उपचार कसे होतात आणि त्या उपचारांत घरच्या माणसांचा वाटा कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्याजोगे आहे.

हुबळी-धारवाडच्या परिसरात तर हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. हुबळीस १९५७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, त्या काळी या भागातील हृदयरोग्यास शस्त्रक्रियेसाठी मुंबई किंवा वेल्लोरची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज धारवाडजवळ सत्तूर येथे आणि पलीकडे बेळगावातही हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रिया होतात. हल्याळ, कलघटगी, नवलगुंद, खानापूर अशा तालुक्यांतील शेतकरी, विणकर, शिक्षक या शस्त्रक्रिया करून घेऊन आपापल्या गावी परततात. शस्त्रक्रिया जवळ आली, ही मोठीच सोय झाली. पण तिच्याबरोबर तिच्यानंतरची जबाबदारीही गावात, माजघरात येऊन पोहोचली आहे.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. हल्याळ तालुक्यातील साठीच्या घरातील एक शेतकरी. मधुमेह जुना, विडीचे व्यसन त्याहून जुने. धारवाडास त्याच्या हृदयाच्या तीन धमन्यांना पर्यायी मार्ग जोडण्यात आले आणि आठव्या दिवशी तो घरी आला. बाराव्या दिवशी सदऱ्याला आतून ओलसर डाग दिसला. दुखणे फारसे नव्हते. “आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे,” असे घरातील वडीलधारी बाई म्हणाली व तिने हळद दाबली. पुतण्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. पाणी येणे चार दिवस थांबले व सर्वांना हायसे वाटले. मग रात्रीचा ताप सुरू झाला आणि खोकताना छातीचे हाड ‘कट’ असे वाजू लागले. या घरात कोणी दुष्ट नव्हते, कोणी निष्काळजीही नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक नव्हते की, हाडावरच्या जखमेतून पाणी येणे आणि हाताला लागलेल्या खिळ्याच्या जखमेतून पाणी येणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

त्या निराळेपणाचे कारण छाती उघडण्याच्या रीतीत आहे. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यवैद्य छातीच्या मधोमध असलेले सपाट हाड, म्हणजे उरोस्थी, करवतीने उभे चिरतात आणि दोन्ही भाग बाजूस सारतात. ही वाट हर्बर्ट मिल्टन या शल्यवैद्याने कैरो येथे १८९७ मध्ये दाखविली होती. परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती रूढ झाली १९५७ नंतर. त्याआधी १९५३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम काही काळ करणारे यंत्र वापरून यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. आपल्याकडे वेल्लोर येथे डॉ. एन. गोपीनाथ यांनी १९६२ मध्ये अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणापर्यंत मजल मारली. या सर्व प्रगतीचा मार्ग त्या एका हाडातून गेला आहे.

काम संपल्यावर हाडाचे दोन्ही भाग सहा ते आठ पोलादी तारांनी आवळून जोडले जातात व त्यांवर मांस आणि कातडी शिवली जाते. कातडी दहा-बारा दिवसांत जुळते. हाड मात्र सहा ते बारा आठवडे घेते. म्हणजे वरून जखम सुकलेली दिसते तेव्हा खालचे हाड केवळ तारांच्या आधारावर उभे असते. त्या हाडाच्या मागे, बोटभर अंतरावर, हृदय असते. कातडीखाली शिरलेला जंतू हाडातून मागे गेला, तर तो दोन फुप्फुसांच्या मधल्या पोकळीत, हृदयाच्या अगदी शेजारी जाऊन बसतो. ज्याला बाहेरून पाण्याचा एक थेंब म्हणतात, तो आतल्या पूच्या साठ्याचा निरोप असू शकतो.

हे जंतू येतात कोठून? रुग्णालयाच्या हवेतून किंवा कोणाच्या हातांतून ते येऊ शकतात, हे खरे. पण पुष्कळदा ते रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे व नाकातले असतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू सुमारे दहांपैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात बिनतक्रार वस्ती करून असतो. कातडी अभंग असेतो तो निरुपद्रवी; ती चिरली गेली की त्यास रान मोकळे होते. मधुमेह, स्थूलपणा, धूम्रपान, फुप्फुसाचा जुना विकार, दुबळे मूत्रपिंड, लांबलेली किंवा पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, या गोष्टी त्याच्या पथ्यावर पडतात. आणखी एक कारण विशेष समजून घेण्यासारखे आहे. उरोस्थीला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या छातीच्या आतील बाजूने खाली उतरतात. हृदयास नवा मार्ग देण्यासाठी त्यांपैकी एक, क्वचित दोन्हीही, वापरल्या जातात; कारण त्या वर्षानुवर्षे टिकतात. हृदयाचा त्यात लाभ होतो, पण हाडाचा रक्तपुरवठा काही काळ घटतो. म्हणूनच मधुमेही माणसात दोन्ही धमन्या घेण्याचा निर्णय शल्यवैद्य फार तोलून करतात.

अशा तऱ्हेचा खोल संसर्ग शंभरांपैकी साधारण एका-दोघांस होतो. हे प्रमाण अल्प आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांस होतो, त्यांच्यापैकी दहा ते वीस-पंचवीस टक्के दगावतात असा जगातील निरनिराळ्या रुग्णालयांचा अनुभव आहे. उपचार किती लवकर सुरू झाले, यावर हा आकडा वरखाली होतो. नेमकी येथेच घरच्या माणसांची जबाबदारी सुरू होते.

खुणा ओळखण्यास फारसे शास्त्र लागत नाही. जखमेतून पाणी, रक्तमिश्रित स्राव किंवा पू येणे. कडांची लाली व ऊब वाढणे. ताप व हुडहुडी. आधी कमी होत गेलेले दुखणे पुन्हा वाढणे. आणि खोकताना किंवा कूस बदलताना हाड हलल्याचे जाणवणे वा वाजणे. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. तारा सैल झाल्या आहेत, हाड जुळत नाही, असे ती सांगते. आणि न जुळलेले हाड व जंतू यांची जोडी फार लवकर जमते. बहुतेक वेळा या खुणा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसतात. मधुमेही व वृद्ध रुग्णांत ताप येईलच असे नाही. केवळ अन्नावरची वासना जाणे, मरगळ येणे, रक्तातील साखर एकाएकी आवरेनाशी होणे, एवढ्यावरूनही सावध झाले पाहिजे.

अशा वेळी पहिले काम म्हणजे शस्त्रक्रिया केलेल्या वैद्यांकडे परत जाणे. दुसरे, तितकेच महत्त्वाचे काम म्हणजे मधल्या काळात आपल्या मनाने जंतुनाशक गोळ्या न घेणे. हा निषेध ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. जंतूंवर जंतुनाशक घेण्यात चूक ती काय? चूक अशी की, प्रयोगशाळेत स्रावातील व रक्तातील जंतू वाढवून त्याची जात ओळखली जाते आणि कोणत्या औषधास तो बधतो हे पाहिले जाते. आधीच अर्धवट गोळ्या पोटात गेल्या असतील, तर जंतू मरत नाही, पण दबतो. तपासणीच्या बशीत तो उगवत नाही आणि छातीत मात्र जिवंत राहतो. ज्या शत्रूचे नाव कळायचे, तो स्वतःच्याच हाताने लपविला जातो. वरील उदाहरणातील चार दिवसांचा दिलासा हा असाच फसवा होता.

रुग्णालयात आधी संसर्गाची खोली ठरविली जाते. रक्ताच्या व स्रावाच्या तपासण्या होतात, छातीचे सी.टी. स्कॅन काढून हाडामागे पू साठला आहे काय हे पाहिले जाते. संसर्ग केवळ कातडीपुरता असेल, तर जखमेचा तेवढा भाग उघडून ती स्वच्छ करणे, रोज मलमपट्टी आणि योग्य औषध यांवर काम भागते. तो हाडापर्यंत किंवा त्याच्या मागे गेला असेल, तर मात्र केवळ औषधाने तो जात नाही. मृत हाडात रक्त फिरत नाही. आणि रक्त जेथे जात नाही तेथे औषधही पोहोचत नाही. यास्तव छाती पुन्हा उघडून पू काढणे, मेलेले हाड व मांस खरवडून टाकणे आणि सैल तारा काढणे अपरिहार्य ठरते.

यापुढील उपचारांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आरंभी अशी जखम उघडी ठेवून तीत कापडाच्या घड्या भरीत असत. हृदय उघडे, हाड हलते, रुग्ण महिनोन्‌महिने बिछान्यात. त्या काळी कित्येक ठिकाणी निम्मे रुग्ण दगावत. १९६३ मध्ये शूमाकर व मँडेलबॉम या अमेरिकी शल्यवैद्यांनी छाती बंद करून आत नळ्या ठेवण्याची व त्यांतून औषधी द्रवाने पोकळी सतत धुण्याची रीत सांगितली. तिने पुष्कळ प्राण वाचले. तरीही मोठी पोकळी रिकामी राहिली की तेथे जंतू पुन्हा घर करीत. मग १९७६ च्या सुमारास पोटातील आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा वर छातीत आणून ती पोकळी भरण्याचा प्रयोग झाला. आणि १९८० मध्ये डॉ. जुर्कीविझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीचे मोठे स्नायू वळवून ती जागा भरण्याची पद्धत रूढ केली. तत्त्व साधे होते. जिवंत मांसाबरोबर ताजे रक्त येते, रक्ताबरोबर औषध व शरीराचे स्वतःचे रक्षक येतात, आणि रिकामी जागाच उरली नाही की जंतूस आसरा उरत नाही. या एका विचाराने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

गेल्या शतकाच्या अखेरीस त्यात आणखी एका साधनाची भर पडली. स्वच्छ केलेल्या जखमेत विशिष्ट स्पंज बसवून वर पारदर्शक पडदा चिकटवतात आणि एका छोट्या यंत्राने आतील हवा व स्राव सतत शोषून घेतात. त्यामुळे जखम कोरडी राहते, छाती काहीशी स्थिर राहते, नवे लालसर मांस वेगाने उगवते, आणि रुग्ण उठून बसू शकतो. जखम स्वच्छ झाल्याची खात्री पटली की हाड पुन्हा जोडतात किंवा स्नायूने झाकतात. या सर्वांच्या जोडीस नेमके जंतुनाशक औषध शिरेतून व मग तोंडाने बहुधा सहा आठवडे द्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडणे म्हणजे विझत आलेल्या निखाऱ्यावर पुन्हा वाळलेली काटकी टाकणे होय.

काही जंतू याहूनही चिवट असतात. क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यातील काही जाती साध्या पाण्यात व मातीत राहतात. त्यांनी जखमेत प्रवेश केला तर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, एखादे छिद्र पडून ते वाहत राहते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाहीत. त्यांचा मुद्दाम शोध घ्यावा लागतो व दोन-तीन औषधे कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. २०१५ च्या सुमारास युरोपात तर असे उजेडात आले की, शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्राच्या पाण्यातून असा एक जंतू हवेत उडून रुग्णांपर्यंत पोहोचला होता व वर्षानुवर्षांनी प्रकट झाला होता. सारांश, जुनी जखम पुन्हा वाहू लागली, तर “त्याला आता वर्ष झाले” म्हणून ती दुर्लक्षिता कामा नये.

छातीतील संसर्गाचा दुसरा प्रकार फुप्फुसांचा. शस्त्रक्रियेनंतर छाती दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. फुप्फुसाचे तळ नीट फुगत नाहीत, कफ साचतो, आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ यावे तसा त्या कफात जंतू वाढतो. यातून न्युमोनिया होतो. कफाची तपासणी करून योग्य औषध देणे, प्राणवायू देणे, फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साठला असल्यास नळीने काढणे, हे वैद्यांचे काम. पण निम्मे औषध रुग्णाच्याच हाती असते. तीन चेंडू असलेले प्लॅस्टिकचे छोटे यंत्र तोंडाशी धरून श्वास आत ओढणे, हे खेळणे नव्हे, ती फुप्फुसांची तालीम आहे. जागेपणी दर तासाला काही वेळा ती केलीच पाहिजे. उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकले की हाडास आधार मिळतो, वेदना कमी होते व कफ सुटतो. सांगितल्याप्रमाणे लवकर उठून चालणे, हाही उपचारच आहे. आणि विडी-सिगारेट? ती शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे सुटली, तर फुप्फुसे पुष्कळ सावरतात. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा ओढणे म्हणजे नव्या वाटेवर आपणच दगड रचण्यासारखे आहे.

ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे त्यांनी तर प्रत्येक न उतरणारा ताप गंभीरपणे घेतला पाहिजे. जंतू रक्तातून त्या झडपेवर जाऊन बसू शकतात. अशा तापात आधी रक्त तपासणीसाठी काढावे व मगच जंतुनाशक सुरू करावे, हा नियम आहे. गावातील वैद्यास “माझ्या हृदयात झडप बसविली आहे” एवढे पहिले वाक्य सांगितले, तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

प्रतिबंधाचा मोठा भाग रुग्णालयातच पार पडतो: शस्त्रक्रियेपूर्वी जंतुनाशक साबणाने स्नान, नाकातील जंतूंसाठी मलम, चीर देण्यापूर्वी तासाभरात जंतुनाशकाची मात्रा, रक्तातील साखरेवर कडक नजर. घरी आल्यावर उरलेला भाग सुरू होतो. जखमेस हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. हळद, राख, तेल, पावडर यांपैकी काहीही तिच्यावर घालू नये. नदीत वा विहिरीत उतरून स्नान करू नये. साखर नियमाने तपासावी. वैद्य परवानगी देईपर्यंत पाण्याची घागर, धान्याचे पोते, नातवंड, काहीच उचलू नये. दोन्ही हातांवर भार देऊन उठू नये. सायकल व मोटारसायकल चालवू नये. स्त्रियांनी छातीस खालून नीट आधार देणारा कपडा वापरावा, म्हणजे जखमेवर ताण पडत नाही. भेटीस येणाऱ्यांनी प्रेम दाखवावे, पण सर्दी-खोकला असल्यास ते दुरूनच दाखवावे.

आणखी एक गोष्ट या सीमाभागातील घरांनी विशेष लक्षात ठेवावी. येथे रुग्णालयाचा कागद इंग्रजीत, वैद्यांचे बोलणे कानडीत आणि घरातील बोलणे मराठीत, असे पुष्कळदा होते. निघताना मिळालेली सूचना घरातील जी व्यक्ती प्रत्यक्ष शुश्रूषा करणार तिला तिच्या भाषेत समजली आहे की नाही, याची खात्री करून घेतल्याखेरीज रुग्णालयाची पायरी उतरू नये. कोणत्या खुणा दिसल्यास कोठे व कोणास दूरध्वनी करावयाचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. जखमेवर हळद दाबणारा हात मायेचाच असतो; त्या हाताला माहितीची जोड हवी.

हल्याळच्या त्या कल्पित शेतकऱ्याकडे शेवटी पुन्हा वळावे. हाड वाजू लागल्यावर त्याला धारवाडास नेले, छाती पुन्हा स्वच्छ झाली, स्नायूने झाकली गेली आणि दीड-दोन महिन्यांनी तो घरी आला, असे म्हणता येईल. कारण आजच्या उपचारांत एवढे सामर्थ्य निश्चित आहे. पण सदऱ्यावरचा डाग दिसला त्याच दिवशी तो निघाला असता, तर कदाचित कातडीचे दोन टाके सोडून व आठवडाभर मलमपट्टी करून काम भागले असते. हल्याळहून धारवाडास जाण्यास काही फार वेळ लागत नाही. त्या वाटेला लागण्यास घराने किती दिवस घेतले, यावरच पुष्कळदा सारे अवलंबून असते.